तात्यांची जुनी गाडी

मुळशी तालुक्यात पाऊस फार. ताम्हिणी घाटाच्या बाजूला तर तो चार महिने हटत नाही. त्याच बाजूला तात्यांचे गाव आहे. तात्यांकडे एक जुनी पेट्रोल गाडी आहे. गाडीला अठरा वर्षे झाली. पंधरा वर्षे झाली तेव्हा तात्यांनी ती तपासून घेतली आणि तिची नोंदणी पुढे वाढवून घेतली.

गाडी तात्यांची, पण आधार साऱ्या वाडीला. रात्री-अपरात्री कुणी आजारी पडले की लोक तात्यांचे दार ठोठावतात.

आषाढातली एक रात्र होती. शेजारच्या सूनबाईला कळा सुरू झाल्या. तात्यांनी गाडी काढली. पण चढावर गाडी दम टाकू लागली. वळणावर तात्यांनी पायाखालचा रेस सोडला आणि इंजिन बंद पडले. चौघांनी पावसात गाडी ढकलली. ती पुन्हा सुरू झाली. पौडच्या दवाखान्यात सारे वेळेवर पोचले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण तात्यांच्या मनाला घोर लागला. ते म्हणाले, "आज निभावलं. उद्याचं काय?"

तात्यांचा पुतण्या हौशी. तो म्हणाला, "तात्या, मोठी थ्रॉटल बॉडी बसवू या. मी मोबाइलवर बघितलंय. गाडी नुसती पळंल बघा!"

तात्यांनी भातलावणीच्या मजुरीसाठी पैसे बाजूला ठेवले होते. ते मोडावे लागणार होते. तरी ते म्हणाले, "आधी मिस्त्रींना विचारू." दोघे गाडी घेऊन पिरंगुटला गेले.

मिस्त्रींनी सारे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "तात्या, पाणी कमी पडलं म्हणून तुम्ही लगेच मोठी विहीर खणता का? आधी पाट कुठे फुटलाय ते बघता ना? तसंच हे आहे. बसा, सांगतो."

इंजिनचा श्वास

इंजिनला दोन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल. दोन्हींचे माप जमावे लागते. वजनाने एक भाग पेट्रोल असेल, तर सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर येतो. कमी झाले तर गाडी ओढत नाही.

जुन्या काळी हे मिश्रण कार्बुरेटर करी. हवा जोराने जाई आणि आपल्याबरोबर पेट्रोल ओढून नेई. पाटाचे पाणी सोडावे तसा हा कारभार. थोडे जास्त, थोडे कमी, चालायचेच. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली निघाली, तेव्हा तिला कार्बुरेटरच होता.

पुढे इंजेक्टर आला. औषध फवारण्याच्या पंपाला नोझल असते, तसाच हा इंजेक्टर. तो पेट्रोल बारीक फवारतो. परदेशात १९८० नंतरच्या काही वर्षांत पुष्कळ गाड्यांना थ्रॉटल बॉडीवरच एक किंवा दोन इंजेक्टर असत. नंतर प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर आला. ठिबक सिंचनात प्रत्येक रोपाला आपापले पाणी मिळते, तसे हे झाले. मारुती ८०० ला हा बदल २००० सालच्या सुमारास मिळाला. धुराचे नियम कडक होत गेले, म्हणून हे घडले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले. तेव्हापासून नव्या मोटारसायकलींनाही बहुधा इंजेक्टरच असतो. वाहने तपासणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिची स्थापना १९६६ सालची.

थ्रॉटल बॉडी म्हणजे काय?

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनच्या हवेचे दार. आत एक गोल पत्रा असतो. आपण रेस दाबला की तो उघडतो आणि हवा आत जाते. किती हवा गेली हे सेन्सर ओळखतात. ते गाडीच्या लहानशा संगणकाला कळवतात. संगणक इंजेक्टरला हुकूम देतो, "एवढा वेळ उघड." हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते.

पुतण्याची घाई

मिस्त्री बोलत होते, तोवर पुतण्याने बॉनेट उघडले. इंजिन अजून तापलेले होते. तो पेट्रोलची नळी ओढू लागला. जवळच एक गडी बिडी पेटवीत होता.

मिस्त्री ओरडले, "हात काढ! आणि ती बिडी विझवा!"

पुतण्या दचकला. मिस्त्री म्हणाले, "पोरा, कार्बुरेटरच्या नळीत जोर नसतो. इथे असतो. पुष्कळ गाड्यांत तो तीन किलोच्या आसपास असतो. नळी सुटली की पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं. ते तापल्या इंजिनवर पडलं तर? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते. लांबची ठिणगीसुद्धा तिला पुरते. गाडी तर जाईलच, पण तुझं तोंड भाजेल त्याचं काय?"

मग मिस्त्रींनी रीत दाखवली. त्यांनी गाडी उघड्यावर घेतली. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन चालू केले. नळीतले पेट्रोल संपले, तसे इंजिन आपोआप थांबले. मग बॅटरीची उणे बाजूची तार सोडली. इंजिन थंड होऊ दिले. आग विझवायचे नळकांडे जवळ ठेवले. नळीभोवती फडके धरले आणि मगच नळी सोडली.

दुखणे सापडले

मिस्त्रींनी हवेची जाळी काढली. ती धुळीने भरली होती. थ्रॉटल बॉडीच्या पत्र्याच्या कडेला काळी काजळी साचली होती. मिस्त्री म्हणाले, "रेस सोडला की हे दार जवळजवळ मिटतं. मग कडेच्या बारीक वाटेनं हवा जाते. ती वाटच काजळीनं बुजली. म्हणून वळणावर गाडी मेली."

त्यांनी ती काजळी साफ करायच्या द्रावणाने आणि मऊ फडक्याने पुसली. सुरी लावली नाही. पॉलिशकागद घासला नाही. पत्र्याचा स्क्रू फिरवला नाही. कारखान्यात तो मापाने लावलेला असतो.

मग पेट्रोलचा दाब घड्याळाने मोजला. तो कमी भरला. पेट्रोलचा फिल्टर चोंदला होता. "चढावर इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. ते पोचतच नव्हतं. म्हणून गाडी दम टाकत होती," मिस्त्री म्हणाले.

रबरी नळ्या कडक होऊन चिरल्या होत्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नसते. म्हणून नळ्या आणि इंजेक्टरची रबरी कडी नव्या पेट्रोलला चालतील अशीच घ्यावीत. इंजेक्टर यंत्रावर तपासले. फवारा सारखा पडत होता. ते बदलावे लागले नाहीत.

मोठे दार का नको?

पुतण्याने विचारले, "पण मोठी थ्रॉटल बॉडी का नको?"

मिस्त्री म्हणाले, "घराचं दार मोठं केलं म्हणून घरातली माणसं वाढतात का? सिलिंडर तेवढाच, मग हवा तेवढीच मावणार. उलट थोडा रेस दिला तरी हवा एकदम शिरेल. घाटात गाडी हिसके देईल. संगणकाचं गणितही चुकेल. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. थ्रॉटल बॉडी झिजली असेल तर बदलावी, पण त्याच क्रमांकाची. तुमची झिजलेली नाही."

मिस्त्रींनी इंजिन चालू केले. पाच-दहा मिनिटे नळ्यांवर नजर ठेवली. कुठे थेंब नाही, वास नाही. मग धुराची तपासणी करून पीयूसी घेतली. परत जाताना तात्यांनी चढावर मुद्दाम रेस सोडून पाहिला. इंजिन बंद पडले नाही.

लावणीचे पैसे बहुतेक शिल्लक राहिले. श्रावण लागायच्या आत तात्यांच्या खाचरात भात उभे राहिले.

ध्यानात ठेवा

१. आधी दुखणे शोधा, मग भाग बदला.
२. स्वस्त कामे आधी करा. जाळी, फिल्टर, नळ्या, सफाई.
३. पेट्रोलची नळी दाब काढल्याशिवाय सोडू नका.
४. पेट्रोलजवळ बिडी, काडी, चिमणी आणू नका.
५. नवा भाग जुन्याच क्रमांकाचा घ्या. पावती जपून ठेवा.

उत्तरे सांगा

१. रेस सोडल्यावर तात्यांची गाडी बंद का पडली?
२. चढावर ती दम का टाकत होती?
३. मिस्त्रींनी बिडी का विझवायला लावली?
४. तुमच्या घरी पंप, मोटारसायकल किंवा गाडी आहे का? तिची जाळी शेवटची कधी साफ केली? वहीत तारीख लिहा.