क्रोकांबूश रचण्याआधी खिडकीबाहेर बघा

फ्रान्समध्ये लग्नात किंवा बाळाच्या बाप्तिस्म्याला केकच्या जागी क्रोकांबूश मांडतात. क्रीम भरलेले पोकळ पफ कॅरॅमलने चिकटवत रचलेला हा उंच शंकू. साखरेची देवळं नि मनोरे उभारणारा आचारी मारी-आंत्वान कारेम (१७८४-१८३३) याच्याशी त्याचं नाव जोडलं जातं. कारेमच्या वाट्याला ठाण्याचा जुलै आला नाही, हे त्याचं नशीब!

मी नणंदेच्या लग्नाच्या वाढदिवसाला तो दुपारीच रचून ठेवला होता. पाहुणे येईतो काचेसारखा कडक कॅरॅमल ओलसर झाला, साखरेच्या तारा लोंबल्या आणि मनोरा एका अंगाने बसत गेला. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, फ्रिजमध्ये तर आणखी लवकर पाझरते. म्हणून हा बेत थंडीत, कोरड्या दिवशीच करा. मनोरा वाढायच्या फार तर दोन-तीन तास आधी रचा.

पफ मात्र आदल्या दिवशी करायला हरकत नाही. पाणी, लोणी, मैदा शिजवताना पातेल्याच्या तळाला पातळ साय धरेपर्यंत गोळा परतायचा. अंडी फेटून थोडी थोडी घालायची, सगळी संपवायचा हट्ट नको. चमचा उचलला की पीठ जाडसर, त्रिकोणी धारेने लोंबलं म्हणजे पुरे. पफ फुगतात ते आतल्या वाफेवर, त्यामुळे भाजताना ओव्हन उघडला की ते बसलेच. नीट लालसर झाले की प्रत्येकाच्या बुडाला सुरीने भोक पाडून पुन्हा दहा मिनिटं आत ठेवा. ही वाफ गेली नाही, तर पफ आतून ओले राहतात आणि क्रीम भरल्यावर लगेच मऊ पडतात. क्रीमही घट्टच हवं, आणि ते रचायच्या जरा आधी भरायचं.

खरी भीती कॅरॅमलची. गोळीबंद पाकाच्या कितीतरी पुढे, १६० अंशांच्याही वर गेलेली ही साखर बोटाला चिकटते आणि झटकली तरी सुटत नाही. शेजारी थंड पाण्याचं पातेलं हवंच, आणि मुलं स्वयंपाकघराबाहेर. पाक ढवळू नका, दाणे धरतो. लिंबाचे दोन थेंब घाला. पफ चिमट्याने धरून बुडवा. पाक घट्ट झाला तर मंद आचेवर पुन्हा सैल करा.

शेवटी पातेलं घासत बसू नका. पाणी घालून उकळा, साखर आपसूक सुटते.