आधी स्क्रीन रीडर, मग शाखा

टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरी त्यांनी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली, आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकले आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएचडी मिळवली. गणिताची समीकरणे कानांनी ऐकून समजतील अशी संगणकप्रणाली त्यांनी प्रबंधासाठी घडवली होती. २००५ मध्ये ते गूगलमध्ये रुजू झाले. आयआयटीत असताना मात्र पडद्यावर काय उमटले आहे, हे त्यांना एनएसएसचे विद्यार्थी वाचून दाखवत आणि रामन सांगतील ते टाइप करत.

आज ते काम घरचा साधा लॅपटॉप करतो. तरीही दृष्टिहीन किंवा अंशतः दृष्टी असलेल्या मुलांचे आईवडील समुपदेशकाकडे येतात ते ‘याला काय झेपेल?’ असे विचारत. ‘हा वाचतो आणि लिहितो कशावर?’ असे अनुभवी समुपदेशक आधी विचारतो. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय शाखेची चर्चा पुढे सरकत नाही.

साधन हाताशी हवे

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर. ‘जॉज’ हे त्यातले जुने आणि बरेच महाग नाव. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ बनवायला घेतले आणि त्यांचे दृष्टिहीन मित्र जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दृष्टिहीनाला संगणकासाठी वेगळे पैसे मोजावे लागू नयेत, ही त्यांची भूमिका होती. म्हणूनच ते आजही मोफत मिळते, मराठी वाचते आणि पेनड्राइव्हवरूनही चालते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आधीपासूनच असते. सेटिंगमध्ये जाऊन ते फक्त सुरू करायचे.

सॉफ्टवेअर मिळवणे सोपे, पण त्यावर हात बसायला वेळ लागतो. इथे माउस नसतो, सगळा कारभार कीबोर्डवर. वेबपानावर एच दाबला की पुढचे शीर्षक, टी दाबला की तक्ता, एफ दाबला की अर्जातला रकाना. सरावलेली मुले इतक्या वेगाने ऐकतात, की शेजारी बसलेल्याला एक शब्दही कळत नाही. हा वेग एका सुट्टीत येत नाही. त्यासाठी पाचवी-सहावीपासून रोज थोडा सराव हवा. पदवी झाल्यावर नोकरीसाठी म्हणून संगणक हाती घेणाऱ्या मुलाची ही सारी वर्षे वाया गेलेली असतात.

ऐकायला येते, मग ब्रेल कशाला, असे अनेक पालकांना वाटते. पण नुसते ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही आणि चार ओळींचे समीकरण डोक्यात राहत नाही. सहा ठिपक्यांची ही लिपी बोटांखाली असलेले मूल लिहिताना कमी चुकते. थोडी दृष्टी असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना भिंग, मोठा टाइप, काळ्यावर पिवळी अक्षरे, पडदा मोठा करून दाखवणारी सोय यांचा उपयोग होतो. यातले नेमके काय लागेल, हे लो-व्हिजन क्लिनिकमध्ये तपासून ठरवावे. चष्म्याने फरक पडत नाही म्हणून उपाय संपले, असे नसते.

विज्ञान घ्यावे का?

‘उगीच त्रास नको, कला शाखा घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. दृष्टिहीन असलेल्या श्रीकांत बोल्ला यांना तर आंध्र प्रदेशात दहावीनंतर विज्ञान शाखेत प्रवेशच नाकारला गेला. ते न्यायालयात गेले, जिंकले, बारावीला ९८ टक्के गुण मिळवले आणि अमेरिकेच्या एमआयटीत शिकून परत आल्यावर हैदराबादेत उद्योग उभा केला.

प्रत्येक मुलाला कोर्टाची पायरी चढता येणार नाही, हे खरे. पण मुलाला गणिताची गोडी असेल, तर आज वाट बरीच मोकळी आहे. योग्य पद्धतीने टाइप केलेली समीकरणे स्क्रीन रीडर वाचतो, आकृत्या कागदावर उठावाने काढता येतात, प्रयोगशाळेत मदतनीस घेता येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून काम करत आहे. पालकांनी निर्णयाआधी तिथे एकदा जरूर बोलावे.

वाटा आणि अडथळे

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत, नंतर झेवियर्समध्ये आणि जेएनयूत त्या शिकल्या. २०१६ च्या यूपीएससीत त्यांचा ७७३ वा क्रमांक आला, पण दृष्टी नसल्याचे कारण देऊन रेल्वे लेखा सेवेतली नियुक्ती नाकारली गेली. पुढच्याच परीक्षेत त्यांनी १२४ वा क्रमांक मिळवला आणि त्या आयएएस झाल्या. अभ्यासासाठी त्यांचा भरवसा स्क्रीन रीडरवर होता.

न्यायव्यवस्थेचे दारही आता उघडले आहे. मध्य प्रदेशातील न्यायिक सेवेच्या नियमांनी दृष्टिहीनांना वगळले होते. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली. केवळ दृष्टी नाही म्हणून कुणाला न्यायाधीशपदाच्या स्पर्धेतून वगळता येणार नाही, असा निकाल ३ मार्च २०२५ रोजी लागला.

बँका, अध्यापन आणि वकिली या ओळखीच्या वाटा आहेतच. वेगाने वाढणारी नवी वाट म्हणजे ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग. एखादे संकेतस्थळ किंवा ॲप स्क्रीन रीडरवर चालते का, कुठे अडते, हे तपासून सांगण्याचे हे काम. युरोपीय संघाचा यासंबंधीचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. तिथल्या ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अनेक डिजिटल सेवांना आता तो पाळावा लागतो, त्यामुळे त्या घडवणाऱ्या भारतीय आयटी कंपन्यांनाही असे तपासनीस लागतात. मुंबईची ‘बॅरियरब्रेक’ कंपनी तर दिव्यांग तपासनिसांना घेऊनच हे काम करत आली आहे. इथे स्क्रीन रीडर रोज वापरण्याचा अनुभव हीच पात्रता ठरते. जोडीला एचटीएमएल आणि बरे इंग्रजी हवे.

डोळस विद्यार्थ्यांनाही या क्षेत्रात भरपूर काम आहे. आयआयटी दिल्लीच्या प्रयोगशाळेत घडलेली ‘स्मार्टकेन’ ही काठी ध्वनिलहरींनी गुडघ्याच्या वरच्या उंचीवरचे अडथळे ओळखून मुठीत कंप देते. ब्रेल शिकवणारे ‘ॲनी’ हे उपकरण बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आले. शिकवण्याची आवड असणाऱ्यांनी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष बीएड करावा.

अडथळे अजून आहेत आणि ते आधी माहीत असलेले बरे. क्लासच्या नोट्स बहुधा पानांचे फोटो असतात. त्या आधी ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढाव्या लागतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली मराठी स्क्रीन रीडरला निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखी ऐकू येते. चित्रातला कॅप्चा अर्जाच्या शेवटच्या पायरीवर अडवतो. काही पदे दृष्टिबाधितांसाठी निश्चित केलेल्या यादीत नसतात, म्हणून जाहिरात आल्यावर ती यादी आधी बघावी.

पालकांनी यंदा काय करावे?

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड नसेल, तर ते काम पहिले. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव असतात. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी असतो. लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. लेखनिकाबरोबर दोन-तीन सराव पेपर आधीच सोडवून घ्यावेत. उपकरणांसाठी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत अर्ज करता येतो आणि नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या जवळच्या शाखेत प्रशिक्षणाची चौकशी करता येते.

प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाला तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी घ्यावीत: नोट्स युनिकोडमध्ये मिळतील का, अंतर्गत परीक्षा संगणकावर देता येईल का, आणि अडचण आली तर कुणाला भेटायचे. हे प्रश्न शक्यतो मुलालाच विचारू द्यावेत. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘तू काम कसे करणार?’ असे त्यालाच विचारले जाईल आणि तेव्हा लॅपटॉप उघडून ते त्यालाच दाखवावे लागेल.