पाळणा लांबवण्याचे उपाय

भाताची लावणी करताना आपण दोन चुडांत अंतर ठेवतो. दाटीने लावले तर रोपाला फुटवे येत नाहीत, लोंबी भरत नाही. हे भोर-वेल्ह्याकडच्या बाईला शिकवायला नको. पण घरात काय होते? पहिले मूल नीट चालत नाही, तोच दुसऱ्याची चाहूल लागते. आईच्या अंगात रक्त उरत नाही. मुलेही अशक्त राहतात. म्हणून दोन मुलांत निदान तीन वर्षांचे अंतर ठेवावे.

ही गोष्ट बोलायची लाज वाटते. पूर्वी तर फारच वाटे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. लोकांनी नावे ठेवली, खटले झाले. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे १९५२ साली सरकारनेच हे काम हाती घेतले. आज हे उपाय सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

आम्ही मास्तर, डॉक्टर नव्हे. म्हणून उपायांची ओळख तेवढी करून देतो. आपल्याला कोणता मानवेल, ते नर्सबाईला विचारूनच ठरवा.

निरोध : हा पुरुषाने वापरायचा. दर वेळी नवा घ्यावा. पाकिटावरची तारीख वाचावी. त्याला खोबरेल तेल लावू नये, रबर फाटते. निरोधाने रोगही टळतात.

माला-एन गोळी : रोज एक, ठरल्या वेळी. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावी. एक गोळी चुकली तर आठवताच घ्यावी, पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. दोन-तीन चुकल्या तर नर्सबाईला विचारावे, तोवर निरोध वापरावा. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ही गोळी घेऊ नये. रक्तदाब किंवा कावीळ असेल तर आधी सांगावे.

छाया गोळी : पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो रविवार असेल, तर दुसरी बुधवारी. असे तीन महिने आठवड्यातून दोनदा. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. कॅलेंडरवर खूण करावी. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही चालते. पाळी थोडी लांबू शकते.

अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी एक. पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. त्याने रक्त पोटात साठत नाही. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात.

तांबी : पाच किंवा दहा वर्षे चालते. बाळंतपण झाल्यावर दोन दिवसांच्या आतही बसवता येते. मूल हवे असेल तेव्हा काढता येते. बाया आपसात बोलतात, "तांबी वर काळजात चढते म्हणं." तसे होत नाही. पहिले काही महिने अंगावरून जास्त जाते. पण पोटात फार दुखले, ताप आला किंवा घाण वास आला, तर लगेच दवाखाना गाठावा.

ऑपरेशन : मुले पुरेशी झाली, आता नकोच, असे पक्के ठरले तरच करावे. पुरुषाचे ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनापेक्षा सोपे आहे. टाके पडत नाहीत, ताकद कमी होत नाही, नांगरही धरता येतो. थोडे दिवस जड काम टाळावे आणि तीन महिने निरोध वापरावा. मग सगळा भार बाईवरच का? बाईच्या ऑपरेशनाला तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. कोणी जबरदस्ती केली तर "नाही" म्हणायचा तिला हक्क आहे.

चूक झाली, निरोध फाटला, तर तातडीची गोळी असते. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती रोजचा उपाय नव्हे.

आपल्याकडचा पाऊस तर ठाऊकच आहे. आषाढात ओढे भरले की वाट बंद होते. म्हणून मृगाच्या आधीच गोळ्यांची जादा पाकिटे घरात आणून ठेवा. इंजेक्शनाची तारीख पावसात येत असेल, तर आशाताईंशी आधी बोला.

हा धडा कारभाऱ्यांनाही वाचून दाखवा. सासूबाईंनाही ऐकवा. त्यांनी भोगले, ते सुनेने भोगू नये, असे त्यांनाही वाटतच असेल.

वाचा आणि सांगा
१. छाया गोळी चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून किती वेळा घ्यायची?
२. आज इंजेक्शन घेतले, तर पुढची तारीख कोणती? वहीत लिहा.
३. पुरुषाने करायचे उपाय कोणते?