डोळ्याचा पडदा आणि अकरावीचं गणित

‘नीटमध्ये नंबर लागला तर ठीक, नाहीतर नुसतं बायोलॉजी घेऊन पोरगी करणार काय?’ निकालाच्या दिवसांत हा प्रश्न पालक हमखास विचारतात. मुलीला मेंदूचं कुतूहल असतं आणि घरच्यांच्या डोळ्यांपुढे फक्त एमबीबीएस. अशा घरांना मी बोटोंड रोस्का यांच्याबद्दल आवर्जून सांगतो.

रोस्का बुडापेस्टच्या संगीत अकादमीत चेलो शिकत होते. हाताला दुखापत झाली आणि वादन सुटलं. मग ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले, जोडीला गणितही शिकले. ‘म्हणजे शेवटी डॉक्टरच ना!’ असं कुणी म्हणेल. पण दवाखाना न थाटता ते पीएचडीसाठी कॅलिफोर्नियात बर्कलेला गेले. तिथे फ्रँक वर्ब्लिन यांच्याबरोबर २००१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की डोळ्याचा पडदा एकाच दृश्याच्या सुमारे डझनभर वेगवेगळ्या आवृत्त्या तयार करून मेंदूकडे धाडतो. हे उकलायला जीवशास्त्राइतकंच गणित लागलं.

पुढचं काम स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी बराच काळ तग धरतात. त्यांनाच प्रकाश कळू लागला तर? रोस्का आणि नेत्रतज्ज्ञ जोझे-अलँ साहेल यांच्या गटाने शेवाळातल्या प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक विषाणूमार्फत ५८ वर्षांच्या एका अंध रुग्णाच्या डोळ्यात पोचवलं. कित्येक महिने खास गॉगल लावून सराव झाला. मग टेबलावरची वही त्याला ९२ टक्के वेळा सापडू लागली, स्टेपलची छोटी डबी मात्र ३६ टक्केच. रस्त्यावरचे झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे दिसू लागले, चेहरे नाहीत. हा निष्कर्ष मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्याच्या त्या शोधनिबंधाला तोवर वीस वर्षं झाली होती.

पालकांनी हा काळ आधीच मनाशी धरावा. बारावीनंतर पुण्यात पाषाणला आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. त्यानंतर पीएचडीसाठी मुंबईची टीआयएफआर, बंगळुरूची एनसीबीएस, मानेसरचं मेंदू संशोधन केंद्र. डोळ्यांच्या आजारांवरच काम करायचं तर हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. म्हणजे पीएचडीच्या काळात घरावर भार नाही, पण थाटही नाही. पोस्टडॉक धरून पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी सहज ओलांडते, आणि ‘अजून शिकतेच आहे का?’ हे नातेवाइकांचं पालुपद तोवर चालूच राहतं. ज्याला लवकर स्थिरस्थावर व्हायचंय, त्याने या वाटेला जाऊ नये.

पण जायचंच असेल, तर एक करा. आयसरच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, भौतिक, रसायन आणि गणित, चारही विषयांना सारखंच वजन असतं. नीटवर लक्ष देता यावं म्हणून अकरावीतच गणित सोडायची जी पद्धत पडली आहे, ती या मुलांच्या मुळावर येते. अकरावीचे विषय भरताना गणित कापू नका.