सांगता न येणारी वेळ

जबलपूर शहरात मदनमहाल किल्ल्याजवळ ग्रॅनाइटची एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर टेकलेली आहे. दोहोंचा स्पर्श इतक्या थोड्या जागी होतो की, वरची शिळा कोणत्याही क्षणी घरंगळेल असे पाहणाऱ्यास वाटते. २२ मे १९९७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर जबलपूरला भूकंपाचा धक्का बसला. त्याचे मान सुमारे ५.८ होते. असंख्य घरांची पडझड झाली, सुमारे चाळीस माणसे प्राणांस मुकली. शिळा मात्र जागीच राहिली. जी पडेल असे वाटत होते ती टिकली आणि ज्यांच्या आश्रयाने माणसे निश्चिंत झोपली होती त्या भिंती कोसळल्या.

असा प्रसंग आला की माणूस बहुधा दोन टोकांना जातो. एक तर तो भविष्य सांगणाऱ्याच्या शोधात निघतो, नाही तर सारे दैवावर सोपवून स्वस्थ बसतो. परंतु ‘भूकंपाविषयी काहीच सांगता येत नाही’ हे विधान खरे आहे काय? येथे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि ते वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रश्न स्थळाचा. नर्मदा व शोण या नद्यांच्या खोऱ्यांतून भूकवचातील भ्रंशांचा एक प्राचीन पट्टा गेला आहे आणि जबलपूर त्याच पट्ट्यात वसले आहे. १९२७ साली शोण खोऱ्यात व १९३८ साली सातपुड्यात मोठे भूकंप झाले होते. म्हणजे स्थळ अगदीच अज्ञात नव्हते.

दुसरा प्रश्न वेळेचा. वरील दोन भूकंपांत ११ वर्षांचे अंतर होते. त्यानंतर १९९७ पर्यंत ५९ वर्षे गेली. यातून कोणताही नियम निघत नाही. जबलपूरच्या भूकंपाचे केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होते, तर मानवाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र १२ किलोमीटरांहून थोडेसेच अधिक आहे. खडकातील ताण नेमका केव्हा असह्य होईल, हे तेथे जाऊन पाहता येत नाही. चीनमध्ये फेब्रुवारी १९७५ मध्ये हायचेंग येथील लोकांना भूकंपापूर्वी घराबाहेर काढता आले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. परंतु पुढच्याच वर्षी तांगशान येथे पूर्वसूचनेवाचून दोन लाखांहून अधिक माणसे मृत्यू पावली.

तिसरा प्रश्न घराचा, आणि त्याचे उत्तर मात्र पुष्कळ अंशी माणसाच्या हाती आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली. तेथील भूकंप जबलपूरपेक्षा मोठा होता आणि त्याचे केंद्रही पुष्कळ उथळ होते. पण मृत्यू प्रत्यक्षात आला तो दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार यांच्या रूपाने. भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारे लांब दगड, कोपऱ्यांची घट्ट बांधणी, दाराखिडक्यांच्या वर चारही भिंतींतून फिरणारा सलग पट्टा आणि हलके छप्पर यांमुळे असे घर एकदम ढासळत नाही. भारतीय मानक संस्थेने भूकंपरोधक रचनेचे पहिले मानक १९६२ सालीच प्रसिद्ध केले होते. उणीव केवळ ज्ञानाची नव्हती.

अज्ञाताला सामोरे जाणे म्हणजे त्याची तारीख विचारीत राहणे नव्हे. जबलपूरच्या रहिवाशास पुढच्या धक्क्याची वेळ कोणी सांगू शकणार नाही. परंतु आपल्या घराच्या भिंती कोपऱ्यात एकमेकींना बांधलेल्या आहेत की नाहीत, हे त्याला आजच पाहता येईल.