तेलप्रदूषण आणि जीवाणूंचे कार्य

खनिज तेल हे प्राचीन सजीवांच्या अवशेषांपासून निर्माण झालेले द्रव्य होय. त्यातील हायड्रोकार्बन संयुगांवर उपजीविका करणारे जीवाणू माती व समुद्र या दोन्ही ठिकाणी निसर्गतःच आढळतात. प्राणवायूच्या साहाय्याने ते या संयुगांचे विघटन करतात आणि अखेरीस कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी शेष राहते. असे असता सांडलेले तेल वर्षानुवर्षे का टिकून राहते, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

याचे उत्तर जीवाणूंच्या आहारात आहे. तेलातून त्यांना कार्बन विपुल मिळतो. परंतु वाढीस आवश्यक असे नायट्रोजन व फॉस्फरस मिळत नाहीत. पिकाप्रमाणेच जीवाणूंनाही खताची गरज असते.

दिनांक २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातात खडकावर आदळले. सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात पसरले. किनारे पाण्याच्या फवाऱ्यांनी धुण्यात आले. त्याचबरोबर अनेक ठिकाणी नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त खते देण्यात आली. भर स्थानिक जीवाणूंवरच होता. जेथे खत व प्राणवायू पोहोचले, तेथे विघटनाचा वेग वाढल्याचे दिसून आले.

तथापि, २००१ मध्ये झालेल्या पाहणीत गोट्यांच्या थराखाली त्याच दुर्घटनेतील तेल आढळले. तेथे प्राणवायू व पोषक द्रव्ये पुरेशी पोहोचत नव्हती. डांबरासारखे जड घटकही जीवाणूंना सहजी पचत नाहीत.

भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेलाचे अनेक घटक पचविणारा जीवाणू विकसित केला. त्याचे पेटंट देता येते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला. मात्र प्रत्यक्ष तेलगळतीच्या ठिकाणी या जीवाणूचा वापर झाला नाही.

यावरून बोध घ्यावयाचा तो असा की, केवळ जीवाणू आणून टाकणे म्हणजे उपाय नव्हे. प्रथम गळती थांबवून साचलेले तेल उचलावे. त्यानंतर हवा, ओलावा व खत यांचे प्रमाण तपासूनच जीवाणूंना अनुकूल स्थिती निर्माण करावी. खताचा अतिरेक झाल्यास जलाशयात शेवाळ माजते. जीवाणू हे मानवाचे सहकारी आहेत. त्याच्या निष्काळजीपणाला पर्याय नव्हेत.