४.३ युवकांची सामाजिक ओळख : प्रश्नांचा क्रम

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात तुम्ही युवकांचे सर्वेक्षण करीत आहात, असे समजा. ‘आडनाव काय?’ हा प्रश्न साधा वाटतो. परंतु आपल्याकडे आडनाव विचारणे म्हणजे बहुधा जात विचारणेच होय. २०१६ मध्ये याच तालुक्यातील कोपर्डी येथील अत्याचार व हत्येच्या घटनेनंतर राज्यभर मराठा क्रांती मोर्चे निघाले. आरक्षण आणि ॲट्रॉसिटी कायदा हे विषय ऐरणीवर आले. अशा ठिकाणी जात आधी विचारली, तर उत्तरदाता सावध होतो आणि पुढची उत्तरेही त्याच चौकटीतून देतो.

म्हणून आरंभ मुक्त प्रश्नाने करावा. कून आणि मॅकपार्टलंड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाची वीस उत्तरे लिहून घेण्याची पद्धत मांडली. विद्यार्थिनी, शेतकरी, धनगर, मुस्लिम, बहीण यांपैकी कोणती ओळख आधी सांगायची, हे तीत युवक स्वतः ठरवतात. जात-धर्माचे थेट प्रश्न शेवटी व ऐच्छिक असावेत. नाव नोंदवू नये. मुलाखत एकांतात घ्यावी. चारचौघांत मिळालेले उत्तर पुष्कळदा त्या व्यक्तीचे नसून गावाचे असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : आडनाव न विचारता सामाजिक ओळख जाणून घेणारे तीन प्रश्न तयार करा.